डोळा जुळवून देणारा माणूस

आमच्या ह्यांचा धंदा सांगितला की माणसं आधी हसतात आणि मग हळूच माझ्या डोळ्यांकडे बघतात. दोन्ही माझेच आहेत, मी आधीच सांगून टाकते. हे खोटे डोळे बनवतात. ज्याचा एक डोळा अपघातात, आजारात किंवा लहानपणीच्या उपद्व्यापात गेलेला असतो, त्याला उरलेल्या डोळ्याशी तंतोतंत जुळणारा दुसरा करून देतात. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर केसाएवढे बारीक ब्रश, रंगाच्या डब्या आणि डोळ्यातल्या शिरा काढायला लाल रेशमाचं एक रीळ. त्या रिळाला मी एकदा ब्लाऊजचा हुक लावायला हात लावला होता. घरात दोन दिवस अबोला होता.

बुबुळ रंगवणं सोपं असतं म्हणे. खरी परीक्षा पांढऱ्याची. ह्यांच्याकडे पांढऱ्याच्या सतरा डब्या आहेत, एक ते सतरा. तान्ह्या मुलाचं पांढरं निळसर असतं, तो एक. तरुण माणसाचं पाच-सहा. मग वय चढेल तसं ते सायीसारखं होत जातं, आणि ऐंशीच्या पुढच्या आजोबांचं सतरा. जगातलं यच्चयावत पांढरं या सतरा डब्यांत बसतं, असं ह्यांचं ठाम मत होतं. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा हे माझ्या डोळ्यांत इतका वेळ बघत बसले, की मला वाटलं, गेला बिचारा, पार विरघळला. लग्नानंतर महिन्याभरानं कळलं की तेव्हा ते माझा नंबर ठरवत होते. सहा.

माणूस वाईट नाही हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात, आवाज कधी चढत नाही. पण एकदा कामाला बसले की समोरचं घर जळत असलं तरी हे आगीत नारिंगी किती आणि लाल किती ते सांगतील, बादली आणणार नाहीत. हे मी चेष्टेनं म्हणायचे. आता चेष्टेनं म्हणत नाही.

ह्यांचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात किरकिरं गिऱ्हाईक म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा. आठ वर्षांचा असताना शेजारच्या बाकावरच्या मुलाशी कर्कटकानं तलवारबाजी करताना त्याचा डावा डोळा गेला. आईनं आधी त्या मुलाला बदडलं, मग दादाला, आणि मग रडत बसली. दादा पुढं फोटोवाला झाला. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. "फोटोवाल्याला दुसरा डोळा लागतो कशाला? असला तरी मिटूनच घ्यावा लागतो," असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसतो. लग्न केलं नाही. दिसण्याचा नखरा मात्र नवरदेवाला लाजवेल असा. केस रंगवलेले, मिशी कातरलेली, आणि एकुलत्या डोळ्याला जपायला डॉक्टरांनी चष्मा सांगितला तर पठ्ठ्यानं तपकिरी काचांचा, नटासारखा घेतला.

वीसेक वर्षांपूर्वी त्याला पोटाचा आजार लागला. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं आणि दिवसातून दहा-दहा वेळा धावावं लागतं. त्या काळात स्टुडिओत रोज एकच तमाशा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं, मान सरळ, हनुवटी खाली, दिवे लागलेले, आणि दादाच्या पोटात कळ. मग तो म्हणायचा, "हलू नका हं, आलोच!" आणि पळायचा. माणसं भाबडी, खरंच हलायची नाहीत. एक शाळामास्तरीण बाई वीस मिनिटं श्वास रोखल्यासारखी बसून होती. दादाचं म्हणणं, त्याचे सगळ्यात चांगले फोटो तेव्हाच निघाले. पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्यावर कसलाही भाव चालत नाही, आणि वीस मिनिटं बसवून ठेवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काही शिल्लकच राहत नाही.

पुढं गोळ्यांनी पोट शांत झालं. तीन-चार वर्षं तर अगदी कुरबुर नाही. झालं, दादानं डॉक्टरकडं जाणं सोडून दिलं. मी विचारलं की म्हणायचा, "पोट बरं आहे तर डॉक्टरला काय तोंड दाखवायला जाऊ?"

मग गेल्या वर्षी त्याला खाज सुटली. पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज. तळहातांना, तळपायांना, पाठीला. मी म्हटलं, साबण बदल. साबण बदलला. मी म्हटलं, कपडे धुवायची पावडर. ती बदलली. मग मी त्याच्या घरी जाऊन गाद्या उन्हात टाकल्या, चादरी उकळून काढल्या आणि त्याच्या स्टुडिओतल्या निळ्या मखमली पडद्यात ढेकूण आहेत असं जाहीर करून तो पडदा फेकायला लावला. पडदा बिचारा निर्दोष होता. दादा गिऱ्हाइकांना "हलू नका" सांगायचा आणि स्वतः दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचा. बघणाऱ्याला हसू यायचं. मलाही यायचं.

त्याच सुमारास त्यानं दुसरी तक्रार सुरू केली. एका सकाळी आला, ह्यांच्यासमोर बसला, चष्मा काढला आणि म्हणाला, "जावईबापू, डोळा जुळत नाहीये."

ह्यांचं तोंड अगदी कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "दादा, काहीतरीच काय! तुमचा नऊ नंबर. पंधरा वर्षं नऊ नंबर."

"मी काय आंधळा आहे? एका डोळ्यानं तरी दिसतं मला. आरशात बघितलं मी. डावा पांढराफटक दिसतोय."

ह्यांनी त्याला खिडकीशी नेलं, पापणी वर केली आणि बराच वेळ बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "खरंय. बारा झालाय. वय, दादा, वय." दादाला ते वयाचं फार झोंबलं. ह्यांनी बारा नंबरचा नवा डोळा मागच्या बाजूला तारीख कोरून दिला. जुना परत घेऊन खणात ठेवला. ही ह्यांची पद्धतच आहे, एकदा बनवलेला डोळा ते कधी फेकत नाहीत.

पाच महिन्यांनी दादा परत हजर. पुन्हा जुळत नाही. या वेळी पंधरा. आणि त्यानंतर चार महिन्यांनी परत. त्या दिवशी हे जेवायला बसले ते लहान मुलासारखे खुशीत. "अगं, आज काय झालं माहीत आहे? दादांचा रंग सतरातही बसेना. तीन तास खटपट केली. शेवटी साठ्यातल्या पिवळ्याचा जरासा कण घातला, नुसता सुईच्या टोकाएवढा, आणि असा जुळला म्हणून सांगू! नवी डबी केली मी. अठरा नंबर."

"अगं बाई, वा!" मी म्हटलं आणि त्यांना आग्रह करून वाढलं. म्हणजे शहाणपणात मीही काही कमी नाही, हे इथंच कबूल केलेलं बरं.

डोळ्याला अधूनमधून पॉलिश करावं लागतं. अठरा नंबरचा डोळा घेऊन दादा त्यासाठी आला, तो काढून ह्यांच्या हातात दिला आणि चष्मा लावून आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला. मी चहा घेऊन आधी पुढच्या खोलीत गेले. हे मशीनवर कुणाचा तरी दुसराच डोळा घासत होते. टेबलावर पांढरं फडकं पसरलेलं, खिडकीतून लख्ख उजेड, आणि फडक्यावर एकटाच पडलेला एक डोळा.

"अहो, हा कुणाचा?" मी म्हटलं. "कावीळ झालेल्या माणसाचा बनवलात की काय?"

"दादांचा," हे मान वर न करता म्हणाले.

मग मशीन फिरत राहिलं आणि ह्यांचे हात थांबले. ते वळले. फडक्यावरच्या डोळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. दादाच्या चेहऱ्यावर दोन्ही डोळे सारखे होते, म्हणून कुणाला काही खटकलं नव्हतं. एकटा फडक्यावर पडल्यावर तो डोळा बोंब मारून सांगत होता.

मी चहा तिथंच टाकून आत धावले. दादा कपाटाच्या कडेला पाठ घासत उभा होता. मी त्याचा चष्मा ओढून काढला आणि दंडाला धरून त्याला खिडकीपाशी आणलं. "अगं सोड! काय झालं काय तुला?" तो ओरडत होता. उजव्या डोळ्यात पांढरं म्हणून नव्हतंच. पिवळं होतं.

"लघवी कशी होते?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? मी मोठा भाऊ आहे तुझा."

"कशी होते?"

"चहासारखी," तो चोरासारखा म्हणाला. "पाणी कमी पितो ना मी."

"थंडी वाजून ताप?"

"दोनदा आला. गेला आपोआप."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. मग वळून ह्यांना बोलले. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, इथं कावीळ झालेला सोडून बाकीचे ठार आंधळे झाले होते. हे एवढंच पुटपुटत होते, "तीनदा बघितलं मी. उजेडात. तीनदा." आणि मी म्हटलं, "डोळे बनवता बनवता तुमचे स्वतःचे फुटले होते का?" त्यांचं ते तोंड आजही आठवलं की मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटते. मी तरी कुठं बघितलं होतं? दर रविवारी तो माझ्या हातचं जेवत होता, तपकिरी चष्मा लावून, आणि मी साबण बदलत बसले होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, चटपटीत, बोलायला रोखठोक. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोळा पिवळा कधीपासून?"

दादा म्हणाला, "लक्षात नाही." मी म्हटलं, "महिना-दोन महिने असतील." तेवढ्यात ह्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत चार डोळे, पॉलिशला आलेला अठराही त्यातच. त्यातला एक गडगडत जाऊन नर्सच्या पायाशी थांबला आणि ती बाई अशी किंचाळली, की बाहेरचे तीन पेशंट आत डोकावले.

"हा नऊ, हा त्यांचा नेहमीचा," हे खाली वाकून डोळा उचलत म्हणाले. "हा फेब्रुवारीतला, बारा. हा जुलैतला, पंधरा. हा नोव्हेंबरातला, अठरा. मागे तारखा आहेत. रंगात चूक नाही. त्याची खात्री मी देतो."

डॉक्टरीणबाईंनी एकेक डोळा उचलून उजेडात धरला. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे फेब्रुवारीपासून हळूहळू वाढतंय," त्या म्हणाल्या. "इतकी पक्की माहिती मला पेशंटकडून कधी मिळत नाही." मग त्यांनी जुना आजार विचारला, आणि आतड्याचं नाव निघताच त्यांचा पेन थांबला.

रक्त तपासलं, मोठ्या मशीनमध्ये घालून आतले फोटो काढले. दादानं त्या तंत्रज्ञालाही सांगितलं की उजेड कमी आहे. चार दिवसांनी बाईंनी आम्हाला तो फोटो दाखवला. यकृतात पित्त तयार होतं आणि झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतं. दादाच्या त्या नळ्या कुठं आवळलेल्या, कुठं फुगलेल्या होत्या, माळेत मणी ओवावेत तशा. बाई म्हणाल्या, आतड्याचा हा आजार असणाऱ्यांपैकी थोड्या लोकांना हा पित्तनळ्यांचा आजार होतो. नळ्यांना सूज येते, व्रण पडतात, त्या अरुंद होत जातात आणि पित्त तुंबतं. खाज त्याचीच, पिवळेपणा त्याचाच, तापही त्याचाच. का होतो, ते अजून कुणालाच धड सांगता येत नाही.

"पण माझं पोट तर आता ठणठणीत आहे," दादा म्हणाला.

"तीच तर यातली गोम आहे," बाई म्हणाल्या. "पोट गप्प बसतं, पेशंट खूश होतो, आणि नळ्या आतल्या आत बिघडत जातात." मग त्यांनी पेनाच्या टोकानं एक जागा दाखवली. मुख्य नळी तिथं फारच आवळली होती. तोंडातून दुर्बीण घालून ती फुग्यानं रुंद करायची आणि बारीक ब्रशनं तिथल्या पेशी खरवडून तपासायला पाठवायच्या.

"पेशी कशाला?" मी विचारलं.

"अशा जागी कधीकधी कॅन्सर असतो," त्या म्हणाल्या. "असेलच असं मी म्हणत नाही. पण बघितल्याशिवाय मी सोडणार नाही. आणि लवकर बघायला हवं."

दादा उठला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "विचार करून सांगतो." एखाद्या सोफ्याची किंमत ऐकून माणूस दुकानातून निघतो, तसा तो निघाला.

त्यानं विचार केलाच नाही. आधी म्हणाला शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो आहेत, मग म्हणाला कॅमेरा दुरुस्तीला द्यायचाय, मग म्हणाला पुढच्या महिन्यात बघू. मी रडले, भांडले, रविवारचं जेवण बंद करीन म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. दहा दिवस गेले. शेवटी मी त्याच्या स्टुडिओत जाऊन खुर्चीच अडवून बसले, तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून दिव्याची वायर गुंडाळत म्हणाला, "एक डोळा आठव्या वर्षी गेला. वीस वर्षं पोटानं छळलं. आता आत आणखी काय काय गेलंय त्याची यादी मला नकोय गं. नसलं तर कशाला बघायचं, आणि असलं तर बघून काय करायचं?"

मी घरी येऊन ह्यांना ते सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत मला हुंदका आवरेना. "अहो, जाईल हो तो असाच," मी म्हटलं. हे उठून पुढच्या खोलीत गेले आणि दिवसभर मशीनचा आवाज येत राहिला. माझा जीव इथं टांगणीला लागलाय आणि ह्या माणसाला कामं सुचतायत, म्हणून मी रागानं जेवायलाही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "चल, दादांकडे जाऊ." स्टुडिओत गेल्यावर त्यांनी दादाला अगदी सहज सांगितलं, "त्या दिवशी पॉलिश अर्धवट राहिलं. डोळा द्या जरा. आणि चष्मा पण द्या, काचांवर ओरखडे पडलेत." दादानं दोन्ही काढून दिलं. ह्यांनी दोन्ही एका खिशात घातलं आणि दुसऱ्या खिशातून एक डोळा आणि साध्या पारदर्शक काचांचा एक चष्मा काढून त्याच्या हातात ठेवला. दादानं डोळा बसवला, चष्मा चढवला, मिशीवरून बोट फिरवत आरशात बघितलं आणि जागच्या जागी उडालाच.

"जावईबापू! हे काय? एका बाजूला अंड्याचं पांढरं आणि एका बाजूला बलक!"

"नऊ नंबर," हे म्हणाले.

"अहो, पण जुळत नाही!"

"माहीत आहे."

"मग माझा अठराचा द्या परत."

"नाही देत." ह्यांचा आवाज चढला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी तो आवाज पहिल्यांदा ऐकत होते. "तीनदा मी तुमच्या आजाराशी डोळा जुळवला. मला त्याची शाबासकी हवी होती, दादा. मी हिला जेवताना सांगत होतो. आता पिवळ्याचा एक ठिपका लावणार नाही मी. हा डोळा बरोबर आहे. तुमचा रंग हा आहे. तो दुसरा चुकलाय. जुळवायचं असेल तर आता तुम्ही जुळवा."

एवढं बोलून हे तडक बाहेर पडले आणि अनवाणीच रस्त्यानं चालायला लागले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागून धावले.

दादा हट्टी, पण नखरा त्याहून मोठा. दुसरा डोळा कुठून आणणार? शंभर कोसांत दुसरा डोळेवाला नाही. डोळा न घालता काउंटरवर बसायचं तर त्याहून वाईट. पहिल्या दिवशी शाळेचं एक पोरगं स्टुलावर बसलं, वर बघितलं आणि भोकाड पसरलं. एका गृहस्थांना दादानं "कॅमेऱ्याकडे बघा" असं पाच वेळा सांगितलं, तरी ते त्याच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघत राहिले, आणि फोटोत तिरळे आले. आणि प्रत्येकजण सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणे, "काका, कावीळ झालीय हो तुम्हाला," कुणी झाडपाला सांगितला, कुणी उसाचा रस, कुणी लांबच्या वैद्याचा पत्ता एका पाकिटावर लिहून दिला. एक म्हातारी तर पैसे देताना त्याचा हात धरून रडली. पूर्वी ओळखीपाळखीतल्या कुणाला काही दिसत नव्हतं, आता रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. "तुझा नवरा माणूस आहे की कसाई?" तो म्हणाला. मग म्हणाला, "त्या बाईंना विचार, तारीख कधीची मिळते."

दुर्बिणीच्या दिवशी आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. दीड तास. मी नखं खात होते. हे समोर बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ही भिंत अकरा आहे." मला हसू फुटलं आणि त्याच्यात रडूही मिसळलं. मग मी त्यांना म्हटलं, "तुमच्या डोळ्यांबद्दल त्या दिवशी बोलले ते मी परत घेते." ते म्हणाले, "नको घेऊस. बरोबरच होतं."

नळी रुंद झाली. पेशींच्या रिपोर्टला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी काय काय केलं ते विचारू नका. पंख्याची पातीसुद्धा दोनदा पुसली. दहाव्या दिवशी बाईंनी कागद उलटा करून आमच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "कॅन्सर नाही."

दादा लगेच उभा राहिला. "मग झालं!"

"बसा," बाई म्हणाल्या. "आजार आहेच. तो पुसून टाकणारं औषध अजून नाही. नळ्या पुन्हा आवळू शकतात. रक्त तपासत राहायचं, दर वर्षी आतड्याची दुर्बीण करायची, ताप आला तर त्याच दिवशी यायचं. कधीकाळी यकृत बदलायची वेळही येऊ शकते. कदाचित येणारही नाही."

"म्हणजे मी तुमचं कायमचं गिऱ्हाईक," दादा म्हणाला.

"कायमचं," बाई म्हणाल्या. "आणि हलायचं नाही."

खाज आठवड्याभरात बरीच कमी झाली. पिवळेपणा मात्र सावकाश उतरणार होता, आणि तसं बाईंनी सांगितलंही होतं. पण दादाला धीर कुठला! दर रविवारी सकाळी तो दारात हजर. हे त्याला खिडकीशी बसवायचे, अंगठ्यानं पापणी वर करायचे, बघायचे आणि नंबर सांगायचे. पहिल्या रविवारी "सतरा." दुसऱ्या रविवारी "सोळाला थोडा कमी." मग पंधरा, मग तेरा. पाचव्या रविवारीही तेराच राहिला आणि दादाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मलाही नाही. त्या आठवड्यात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. बाईंनी रक्त तपासून सांगितलं होतं की काळजीचं काही नाही, पण आमच्या घरात रक्ताच्या कागदापेक्षा ह्यांच्या अंगठ्यावर जास्त भरवसा.

सहाव्या रविवारी ऊन छान होतं. दादा आला, कोट घालून आला होता. हे जाऊन हात धुऊन आले. पापणी वर केली. बघितलं. बघतच राहिले.

"किती?" दादा म्हणाला.

ह्यांनी पापणी आणखी वर केली.

"अहो, चढला का? चढला असेल तर सांगून टाका."

हातातलं भांडं मी तसंच टेबलावर ठेवलं. "अहो, बोला की काहीतरी," मी म्हटलं.

ह्यांनी पापणी सोडली, मागे सरकले आणि बाहीनं तोंड पुसलं. "तूच बघ गं," ते म्हणाले. "मला नीट दिसत नाहीये."

मी दादासमोर बसले. त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. आधी एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. मला त्या डब्या आणि ते नंबर आजवर कधी कळले नाहीत.

"नऊ," मी म्हटलं.